चामड्यासाठी पहिलं शिलाई मशीन घ्यायचंय: कोणतं घेऊ?

निशिगंध (नाशिक)

नमस्कार मंडळी. साडेतीन वर्षं झाली, घरीच चामड्याची पाकिटं, चष्म्याची घरं आणि खांद्याला अडकवायच्या छोट्या पिशव्या शिवते. सगळं हातानं. आरीनं भोक, मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया. दिवाळीच्या आधी ४० पाकिटांची ऑर्डर आली. ती पूर्ण केली, पण शेवटच्या आठवड्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखायला लागलं की दाराची कडी सरकवता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे आरी हातात धरू नका म्हणून सांगितलं. तेव्हाच ठरवलं, आता मशीन घ्यायचं.

आईचं घरगुती मशीन आहे. त्यावर शेळीच्या चामड्याचे दोन थर शिवून पाहिले. वीतभर टीप छान पडली. मग टाके लहान व्हायला लागले, कोपऱ्यावर सुई मोडली आणि खालून दोऱ्याचा गुंता झाला. शहरातल्या एका दुकानात गेले तर ते म्हणाले, "हे हेवी ड्युटी घ्या, जीन्स शिवतं, चामडंही शिवेल." चामड्याचा तुकडा सोबत होता. शिवून दाखवा म्हटलं तर म्हणाले, डेमो पीसवर चामडं चालवत नाही. मी तशीच परत आले.

बजेट ४० हजार, फार तर ४५. जुनं चालेल. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. काय बघू?

पडदेवाली

निशिगंधताई, मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. टेलरच्या दुकानात असतं ते सरळ टाक्याचं इंडस्ट्रियल मशीन आहे माझ्याकडे. रेक्झिन त्यावर रोज शिवते. एकदा एका गिऱ्हाईकाच्या आग्रहाखातर खरं चामडं घेतलं. शिवलं गेलं, पण उलटं करून पाहिलं तर खालच्या बाजूला दात्यांचे वळ ओळीनं उमटलेले. कापडावरचे वळ इस्त्रीनं जातात, चामड्यावरचे गेले नाहीत. ते पॅनल मला स्वतःच्या पैशानं बदलून द्यावं लागलं. "इंडस्ट्रियल" या शब्दावर भरवसा ठेवून काही घेऊ नका, एवढंच सांगते.

धारावीचा_राजू

ताई, चौदा वर्षं बॅगांच्या कारखान्यात मशीनवर बसलोय, आता स्वतःची तीन मशीनं आहेत. सविस्तर लिहितो, कारण इथे नवीन माणूस हमखास फसतो.

पडदेवाली ताई म्हणतात ते खरं आहे. इंडस्ट्रियल म्हणजे जाड शिवणारं नव्हे, दिवसभर न थकता चालणारं. टेलरचं सरळ मशीन मिनिटाला ५ हजार टाके मारायला बनवलंय, शर्टाच्या कापडासाठी. त्याचं हुक, म्हणजे खालून दोरा पकडणारा भाग, बारीक दोऱ्याचं, सुई बारीक, कापड दाबणारा पाय जेमतेम उचलतो. चामड्याला वेग नको, ओढ पाहिजे.

ओढ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळं तिथेच आहे. साध्या मशीनला कपडा पुढे नेतात फक्त खालचे दाते. वरचा पाय नुसता दाबून बसलेला असतो. कापड त्याच्याखालून सरकतं. चामडं, त्यातही पॉलिश केलेलं, पायाला चिकटतं. मग खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे राहतो. दोन तुकडे तुम्ही अगदी बरोबर कापून चिकटवले, तरी टीप संपेपर्यंत वरचा तुकडा दोन-तीन मिमी लांब उरलेला दिसेल. तुमचे टाके लहान झाले तेही ह्याचमुळे: सुई खालीवर होतेय, पण चामडं पुढे जात नाहीये. पायाला टेफ्लॉनचा तळ लावला की थोडा फरक पडतो. थोडाच.

तुम्हाला हवं ते वॉकिंग फूटचं मशीन, त्यातही कंपाउंड फीडवालं. ह्यात पाय दोन असतात, एक आतला, एक बाहेरचा. सुई चामड्यात घुसलेली असतानाच सुई, आतला पाय आणि खालचे दाते तिघंही एकदम मागे सरकतात. थर सुईतच अडकलेले असल्यामुळे एकमेकांवरून घसरायला जागाच नाही. मग बाहेरचा पाय खाली येऊन चामडं दाबून धरतो, तेवढ्यात सुई आणि आतला पाय वर उचलून पुढे येतात. हँडव्हील हातानं सावकाश फिरवून एकदा बघा. दोन पायांनी चालणाऱ्या माणसासारखं दिसतं, म्हणून नाव वॉकिंग फूट.

दुकानात "वॉकिंग फूट आहे" म्हटलं की लगेच विचारा, सुई पण सरकते का? काहींत फक्त वरचा पाय आणि खालचे दाते चालतात, सुई जागच्या जागी खालीवर होते. तेही साध्यापेक्षा बरं. पण पाकिटाच्या कडेची टीप सरळ आणि टाके सारखे पाहिजे असतील तर सुई सरकणारंच घ्या.

आता मला सांगा: सगळ्यात जाड जागा किती मिमी आहे? दोरा कुठला वापरणार? शिवायची वस्तू सपाट आहे की गोल? ह्याशिवाय कोणीही मॉडेल सांगितलं तर ऐकू नका.

निशिगंध

राजूदादा, इतकं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. व्हर्नियर घेऊन बसले होते. पाकिटाचं बाहेरचं चामडं १.२ मिमी, आतले कप्पे ०.८ चे. कार्डांचे तीन कप्पे एकावर एक येतात तिथे कडेला ४.१ मिमी भरलं. चष्म्याचं घर २.८. पिशवीचा पट्टा जिथे बसतो तिथे ७.६. दोऱ्याचं मला काहीच कळत नाही, हातानं शिवताना ०.६ मिमीचा मेणाचा वापरते.

धारावीचा_राजू

तीन कप्पे एकावर एक पूर्ण लांबीचे घेताय का? तसं असेल तर कप्प्याचा तुकडा T च्या आकारात कापा. वरची पट्टी पूर्ण रुंद, खालचा भाग दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. म्हणजे कडेच्या टिपेत प्रत्येक कप्प्याचा फक्त वरचा कानच येतो, सगळे थर एका जागी साचत नाहीत. कड रापीनं (चामडं तासायच्या सुरीनं) तासून घेतली की ४.१ चे ३ होतील. मशीन निवडायच्या आधी पॅटर्न सुधारा. कारखान्यात आम्ही पहिलं हेच शिकलो.

दोरा: मशीनला बाँडेड नायलॉन घ्या. वरून लेप दिलेला असतो, सुईच्या नाकातून शेकडो वेळा खालीवर जातो तरी पिसत नाही. मेणाचा हातशिलाईचा दोरा मशीनमध्ये अजिबात घालू नका, टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, तबकड्यांत मेण बसतं. पाकिटाला टेक्स ७०, पिशवीला टेक्स ९० नाहीतर १३५. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. पण दुकानदार तिकीट नंबर सांगतो आणि तो उलटा चालतो: टेक्स वाढला की दोरा जाड, तिकीट वाढलं की दोरा बारीक. ४० तिकीट साधारण टेक्स ७०-७५ ला जातं, २० तिकीट टेक्स १३५-१५० ला.

सुई दोऱ्याप्रमाणे. टेक्स ७० ला १६ किंवा १८ नंबर, ९० ला १८-१९, १३५ ला २१-२२. सुई बारीक पडली तर खालच्या-वरच्या दोऱ्याची गाठ भोकात शिरतच नाही, पृष्ठभागावर ठिपक्यासारखी दिसत राहते. लोक टेन्शन पिळत बसतात, दोष असतो सुईचा. आणि टोक चामड्याचं पाहिजे, म्हणजे पात्यासारखं कापणारं. कापडाच्या सुईचं टोक गोल असतं, ते चामड्याला ढकलत जातं. तुमची सुई कोपऱ्यावर मोडली ती बहुतेक गोल टोकाची असणार.

पायताण (कोल्हापूर)

जरा वेगळं सांगतो. आमच्या घरात चप्पल हातानंच बनते. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून पकवलेलं, आणि शिलाई चामड्याच्याच वादीची. दोरा नाही, खिळा नाही. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो ह्याच पद्धतीला, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. तिथे मशीनचं काम नाही.

पण बेल्ट मी मशीनवर घेतो. ताईंना विचारतो, हातशिलाई पूर्ण बंद करणार का? दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून जातो. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा वरच, खालचा खालीच, मध्ये नुसती गुंफण. एक तुटला की ओढल्यावर उसवत जातं. जिथे वजन लटकतं ती जागा हाताची ठेवा. तुमचा ७.६ मिमीचा पट्टा मशीनच्या हिशेबात धरूच नका. मग ३-४ मिमीचं मशीन बघायचंय, निम्मं काम सोपं झालं.

निशिगंध

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या एका जागेसाठी मोठं मशीन शोधत होते. एका पिशवीला पट्ट्याचे चार कोपरे, मिळून पन्नासेक टाके. तेवढे हातानं जमतील.

चाकण_एमआयडीसी

मी मोटारींचं बघतो, कारखान्यात आणि घरीही. दोन गोष्टी.

जुनं मशीन कारखान्यातून निघालेलं असेल तर मोटार थ्री फेज आहे का ते आधी बघा. घरी सिंगल फेज असतं, २३० व्होल्ट. हेड (मोटार-टेबल सोडून वरचं मशीन) चांगलं म्हणून घेऊन येतात आणि मोटार चालूच होत नाही. पाटीवर ४१५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर मोटारीचे पैसे वजा करून भाव करा.

दुसरं, क्लच मोटार असेल तर बदलून सर्व्हो लावा. क्लच मोटार बटण दाबल्यापासून पूर्ण वेगानं फिरत असते, पायडलनं तुम्ही फक्त क्लच टेकवता. अनुभवी पायाला जमतं, नवीन माणसाचं मशीन एकदम उसळतं. सर्व्हो पायडल दाबल्यावरच फिरते आणि कमाल वेग बटणानं बांधून ठेवता येतो. ५५० वॅटची पुरते. तरी हळू चालवताना जाड जागेवर अडली तर मोटारीवरची पुली लहान लावा. पुलीचा व्यास निम्मा केला की मशीनचा वेग निम्मा होतो आणि जोर दुप्पट. ह्या एका बदलानं टाका-टाका मोजत शिवता येतं. अर्थिंग मात्र तपासून घ्या, लोखंडी स्टँडला हात लागलेला असतो.

आणि मला वाटतं ताईंनी सपाट टेबलाचं घेऊच नये. पिशव्या शिवायच्या तर सिलिंडर आर्म घ्या, म्हणजे सुईखाली टेबलाऐवजी नळीसारखा हात असतो ते. पिशवी हातावर चढवल्यासारखी फिरवता येते. सपाट कामासाठी त्याला वरून टेबल जोडता येतं. पुन्हा दुसरं मशीन घ्यायची पाळी येणार नाही.

धारावीचा_राजू

चाकणदादा, मोटारीचं सगळं मान्य. पण सिलिंडर आर्म पहिलं नको. ताईंचं निम्म्याहून जास्त काम पाकिटांचं आहे, ते सपाट. जोडायचं टेबल कितीही चांगलं असलं तरी पाकिटाची १० सेंमीची कड धरायला रुंद पक्का टेबलच हवा. ह्या बजेटमध्ये चांगलं जुनं फ्लॅटबेड, म्हणजे सपाट टेबलाचं, मिळेल, सिलिंडर आर्म मिळालं तर घासलेलं मिळेल. आणि पिशवी सपाट असतानाच तिची बहुतेक शिलाई उरकता येते. खिसा, पट्टी, चेन आधी. बाजूची कड शेवटी, उलटी करून.

चाकण_एमआयडीसी

उलटी करून शिवायची तर चामडं मऊ लागतं. बाभळीत पकवलेलं २ मिमी उलटं होणार नाही, सुरकुती पडेल.

धारावीचा_राजू

हे बरोबर बोललात. कडक चामड्याच्या चौकोनी पिशव्या करायच्या असतील तर माझा सल्ला लागू नाही.

निशिगंध

पिशव्या मऊ शेळीच्याच आहेत, अस्तर लावून. म्हणजे फ्लॅटबेड चालेल ना?

धारावीचा_राजू

चालेल.

टोरांटोकर

इकडे कॅनडात माझं पहिलं मशीन कॉन्स्यूचं २०६ आरबी होतं, सोफे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतलेलं. त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा. फ्लॅटबेड, कंपाउंड फीड, राजूदादा म्हणतात तसंच. मोटारींच्या सीट आणि सोफे शिवणाऱ्यांकडे असली मशीनं असतात, तिकडेही विचारून बघा. एक मोह टाळा: घोड्याचे खोगीर शिवायची प्रचंड मशीनं, जुकीच्या टीएससी ४४१ च्या घराण्यातली. बघायला फार देखणी, पण दाते मोठे आणि सुया जाड. तुमच्या ०.८ च्या कप्प्याला भोकंच भोकं पडतील.

पडदेवाली

आणि मोची वापरतात ते? हातानं चाक फिरवायचं, डोकं गोल फिरतं ते. ऑनलाइन फार स्वस्त दिसतं.

पायताण (कोल्हापूर)

ते दुरुस्तीचं मशीन आहे. पाय ३६० अंशांत फिरतो, बुटाच्या आत तोंडापर्यंत पोचतो. फाटलेला बूट, तुटलेली चेन ह्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही, माझ्याकडेही आहे. पण बॉबिन इवलीशी, चार पाकिटं झाली की भरायची. आणि एक हात चाकाला गेला की चामडं सरळ धरायला एकच हात उरतो. ताईंचा दुखणारा अंगठा बघता मी तर सुचवणार नाही.

निशिगंध

पुढच्या शनिवारी भावाबरोबर धारावीत जातेय. सायन-वांद्रे लिंक रोडला आत एका मिस्त्रींकडे दोन जुनी फ्लॅटबेड आहेत म्हणे. काय काय तपासू?

धारावीचा_राजू

स्वतःचं चामडं, स्वतःचा दोरा, स्वतःच्या सुया घेऊन जा. मिस्त्री जो तुकडा देतो तो त्याच्या मशीनला लाड करणारा असतो.

आधी मोटार बंद ठेवून हँडव्हील हातानं फिरवा. कुठे अडखळतं का, एकाच जागी खट्ट आवाज येतो का. सुईचा दांडा बोटांत धरून आडवा हलवून बघा, हलला तर सोडून द्या. बॉबिन काढा आणि हुकाच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे दोरा पण अडकणार. मग चालू करून चार थरांवर एक टीप मारा, सगळ्यात लांब टाक्यावर. आता रिव्हर्सची दांडी दाबून त्याच टिपेवरून मागे या. मागे येताना सुई त्याच भोकांत पडली पाहिजे. पुढे-मागे टाक्यांत फरक असेल तर मिस्त्रीला तिथेच सेट करायला सांगा, घरी आणल्यावर कोणी येत नाही. चामड्यात भोक एकदा पडलं की पडलं, म्हणून हे कापडापेक्षा जास्त महत्त्वाचं. शेवटी दोन थरांवरून चार थरांवर चढून पुन्हा खाली उतरा. चढावर टाका लहान झाला तर पायाची उचल कमी आहे, ती सेट होते का विचारा.

टाका ३.५ ते ४ मिमी ठेवा. बारीक टाक्याचा हौशी लोकांना मोह होतो, पण भोकं जवळ आली की चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवरून फाटतं.

निशिगंध

मंडळी, मशीन घरी आलं! दोनपैकी पहिलं दिसायला नवं होतं, रंग मारलेला. राजूदादांनी सांगितलं तसं रिव्हर्स करून पाहिलं तर प्रत्येक टाका अर्धा मिमी बाजूला. मिस्त्री स्वतःच म्हणाले, हे तुम्हाला देत नाही. दुसरं रंग उडालेलं, पण माझ्या चार थरांवरून पुढे गेलं आणि त्याच भोकांतून मागे आलं. मी तीनदा करायला लावलं. नवी सर्व्हो मोटार, टेबल आणि स्टँड धरून ४३ हजार. हेड, टेबल आणि मोटार वेगवेगळी सोडवून भावानं आणि शेजारच्या दोघांनी जिना चढवली.

एक अडचण आहे. टीप सुरू करताना पहिल्या तीन-चार टाक्यांना खालून गुंता होतो, आईच्या मशीनवर झाला होता तसाच. पुढे टाका सुंदर. आणि काल मध्येच पूर्ण टिपेला खालून दोरा सैल, वेटोळी वेटोळी.

धारावीचा_राजू

अभिनंदन ताई. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीचा गुंता: दोन्ही दोऱ्यांची टोकं पायाच्या मागे ओढून पहिले तीन टाके बोटांनी धरून ठेवा. सोडली तर हुक वरचं टोक खाली ओढून घेतं. पूर्ण टिपेला खालून वेटोळी: दोष खाली दिसतो, पण असतो वरच्या टेन्शनमध्ये. दोरा ओवताना पाय खाली होता का? पाय खाली असला की तबकड्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरून जातो. पाय उचला, ओवा, मग खाली सोडा.

चाकण_एमआयडीसी

पावसाळ्याच्या आधी हुक आणि सुईच्या दांड्याला तेल, आणि झाकायला प्लास्टिक नको, सुती चादर. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते.

निशिगंध

पायच खाली होता! उचलून ओवल्यावर एका बैठकीत सहा पाकिटं झाली, T चे कप्पे घेऊन. कडेला आता ३.१ मिमी भरतं. एका पाकिटाची बाहेरची टीप हातानं दीड तास घ्यायची, आज कोपऱ्यांसकट ७ मिनिटं लागली. कोपऱ्यावर थांबून हँडव्हील हातानं फिरवते, सुई खाली ठेवून चामडं वळवते.

अंगठा बरा आहे. सहा आठवडे परवा संपले, काल पिशवीच्या पट्ट्याचा पहिला कोपरा हातानं शिवला. बारा टाके. पायताणदादा, त्याचा फोटो तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, वजन टांगून बघायचं कसं ते सांगा.